वाँटेजच्या आजीबाई आणि पंडिता रमाबाई

पंडिता रमाबाईंचे नाव ठाऊक नाही अशी भगिनी आपल्या मंडळात क्वचितच आढळेल. दोन वर्षांच्या मुलीला घेऊन समुद्र ओलांडणारी विदुषी, मुंबईचे शारदासदन, त्यावरून पुण्यात उठलेले वादळ, केडगावचे मुक्तिसदन, ह्या गोष्टी आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. हिंदू समाजाशी त्यांचा जो वाद झाला त्याविषयी आजवर पुष्कळ लिहिले गेले. परंतु त्यांचा आणखी एक वाद झाला होता. तो ख्रिस्ती लोकांशीच होता, आणि तोही परक्या देशात ज्यांनी त्यांना घर दिले, शिकवले, मायेने वागवले त्यांच्याशी. तो वाद दोन स्त्रियांनी पत्रांतून केला, म्हणून आपल्या ह्या स्मरणिकेत त्याची हकिकत सांगावी असे वाटले.

ह्या वादातली दुसरी स्त्री म्हणजे सिस्टर जेराल्डीन. इंग्लंडात बर्कशायर परगण्यात वाँटेज नावाचे लहानसे गाव होते. (आता ते ऑक्सफर्डशायरमध्ये मोडते.) तेथील अँग्लिकन पंथाच्या जोगिणींच्या मठात त्या राहत. रमाबाई त्यांना पत्रांतून ‘आजीबाई’ म्हणत. रमाबाईंचे चरित्र वाचताना आपला ओढा साहजिकच रमाबाईंकडे असतो, आणि आजीबाई हेकट, हुकूमत गाजवणाऱ्या अशा भासतात. पण कोणताही वाद नीट समजून घ्यायचा तर दोन्ही घरी जाऊन बसावे लागते. आजीबाई जुन्या वळणाच्या अँग्लिकन होत्या. ख्रिस्ती धर्मातील पंथापंथांच्या भांडणाकडे जुन्या वळणाचा अँग्लिकन माणूस कोणत्या नजरेने पाहतो, हे कळल्यावाचून त्यांचा आग्रह कळत नाही. म्हणून आधी थोडा इतिहास सांगते.

सोळाव्या शतकापर्यंत पश्चिम युरोपातील ख्रिस्ती लोक रोमच्या पोपची सत्ता मानीत. सन १५१७ मध्ये जर्मनीत मार्टिन ल्यूथरने त्या सत्तेविरुद्ध आवाज उठवला. इंग्लंडात निमित्त निराळे झाले. राजा आठवा हेन्री ह्याला आपला पहिला विवाह रद्द करून हवा होता, पोपने ते मानले नाही, आणि १५३४ मध्ये पार्लमेंटने राजालाच इंग्लंडच्या चर्चचा प्रमुख ठरवले. पुढे १५४९ मध्ये लॅटिनऐवजी इंग्रजीत सार्वजनिक प्रार्थनेचा ग्रंथ निघाला, मध्यंतरी मेरी राणीने देश पुन्हा रोमकडे वळवला, आणि १५५९ मध्ये एलिझाबेथ राणीने पोपची सत्ता पुन्हा झुगारून आजच्या इंग्लंडच्या चर्चची घडी बसवली.

‘राजाच्या लग्नाच्या भानगडीतून निघालेला पंथ’ अशी अँग्लिकनांची थट्टा इतर पंथांचे लोक करतात. त्यावर जुन्या अँग्लिकनाचे उत्तर ठरलेले असते. आम्ही नवा पंथ काढलाच नाही, असे तो म्हणतो. घर तेच, कुळ तेच, फक्त मध्यंतरी घरात साचलेला केरकचरा आम्ही काढून टाकला. येशूच्या प्रेषितांनी आपल्या मागून येणाऱ्यांच्या मस्तकावर हात ठेवून त्यांना अधिकार दिला, त्यांनी पुढच्यांना दिला, आणि अशा रीतीने बिशपांची परंपरा आमच्यापर्यंत अखंड चालत आली. आपल्याकडे गुरुपरंपरा सांगतात, तसलाच हा प्रकार आहे. जुन्या परिषदांनी ठरवलेली श्रद्धेची सूत्रे, ज्यांना ‘क्रीड’ म्हणतात, तीही त्यांनी जशीच्या तशी ठेवली. आणि प्रार्थनेचा ग्रंथ एकच, म्हणजे कोणत्याही गावी गेले तरी तीच प्रार्थना, त्याच शब्दांत. परंपरा, सूत्रे आणि समाईक प्रार्थना ह्या तीन खांबांवर हे घर उभे आहे, असा त्याचा विश्वास.

पण घरातल्या सगळ्यांनाच हे पटले नाही. केरकचरा पुरता निघाला नाही, बिशप आणि छापील प्रार्थना कशाला हव्यात, असे म्हणणारेही पुष्कळ होते. सन १६६२ मध्ये कायदा झाला की प्रत्येक धर्मोपदेशकाने सुधारलेला प्रार्थनाग्रंथ संपूर्ण मान्य केलाच पाहिजे. तेव्हा सुमारे दोन हजार उपदेशकांनी मान्यता देण्यापेक्षा आपली जागा आणि राहते घर सोडणे पत्करले. चर्चबाहेर पडलेल्या ह्या प्रेस्बिटेरियन, काँग्रिगेशनल, बाप्टिस्ट लोकांना ‘डिसेंटर’ असे नाव पडले. अठराव्या शतकात मेथडिस्ट त्यांत मिळाले. त्यांचे प्रवर्तक जॉन वेस्ली मरेपर्यंत अँग्लिकन धर्मगुरूच होते, तरी अनुयायी वेगळे निघालेच. डिसेंटरांना सरकारी अधिकाराच्या जागा घेण्यास असलेली कायद्याची आडकाठी १८२८ मध्ये दूर झाली, आणि ऑक्सफर्ड-केंब्रिजची दारे त्यांना पुरती उघडली ती १८७१ मध्ये. रमाबाई इंग्लंडात पोहोचल्या त्याच्या जेमतेम बारा वर्षे आधीची ही गोष्ट. एकाच गावात चर्चला जाणारे आणि चॅपलला जाणारे अशा दोन जाती जणू झालेल्या होत्या.

वाँटेजचा मठ हा ह्याच भांडणातून निघालेला एक फाटा होता. सन १८३३ पासून ऑक्सफर्ड येथे कीबल, न्यूमन, प्यूसी ह्या विद्वानांनी चर्चच्या प्राचीन परंपरेकडे परत वळण्याची चळवळ सुरू केली. तीन शतके बंद पडलेले स्त्रियांचे मठ त्यातूनच पुन्हा सुरू झाले. वाँटेजचे धर्मगुरू विल्यम बटलर यांनी १८४८ मध्ये सेंट मेरी द व्हर्जिन ह्या नावाचा मठ स्थापला. ह्या लोकांना मार मात्र दोन्हीकडून बसे. डिसेंटर आणि अँग्लिकनांतलेच सुधारक म्हणत, हे आतून रोमचेच आहेत. न्यूमन १८४५ मध्ये खरोखरच रोमला जाऊन मिळाल्यामुळे तर ह्या संशयाला बळच आले. उलट रोमला त्यांचे धर्मगुरू मान्य नव्हते. सन १८९६ मध्ये पोप तेरावे लिओ यांनी अँग्लिकन धर्मगुरूंची दीक्षाच निरर्थक आहे असा निर्णय जाहीर केला. दोन्ही बाजूंनी कुंपण ढकलले जात असले म्हणजे मधला घरधनी ते अधिकच जपतो. आजीबाईंचा आग्रह समजून घेताना ही गोष्ट ध्यानात ठेवली पाहिजे.

ह्या मठाच्या सिस्टर १८७० नंतरच्या दशकात पुण्यास आल्या. गुरुवार पेठेतील पंचहौद मिशन आपल्यापैकी पुष्कळांना माहीत असेल. सन १८९० चे ते प्रसिद्ध चहाप्रकरण, ज्यात रानडे आणि टिळक ह्या दोघांवरही ग्रामण्य आले, ते तेथलेच. हे मिशन अँग्लिकन जोगी-जोगिणींनी चालवलेले होते. रमाबाई १८८२ मध्ये पुण्यास आल्या त्या नुकत्याच विधवा होऊन. आईवडील दुष्काळात गेलेले, भाऊ गेलेला, विवाहाला दोन वर्षे होतात न होतात तोच पती बिपिनबिहारी मेधावी पटकीने गेलेले, आणि कडेवर मनोरमा. पुण्यात त्यांनी आर्य महिला समाज काढला, ‘स्त्री धर्मनीति’ लिहिली, हंटर कमिशनपुढे स्त्रियांच्या शिक्षणाविषयी आणि स्त्री-डॉक्टरांच्या गरजेविषयी साक्ष दिली. स्वतः वैद्यकी शिकावी ह्या हेतूने त्यांनी इंग्लंडला जाण्याचे ठरवले, आणि पुण्यातल्या सिस्टरांच्या ओळखीने वाँटेजची वाट मोकळी झाली.

त्यांना ह्या दिशेने नेणारा आणखी एक माणूस होता, आणि तो आपल्यातलाच होता. नीलकंठशास्त्री गोऱ्हे हे काशीत वाढलेले कोकणस्थ ब्राह्मण, षड्दर्शनांचे पंडित. सन १८४८ मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला आणि ते नेहेम्या गोरे झाले. आरंभी ते अँग्लिकनांतल्या सुधारक मताच्या मिशनात होते, पण वाचन वाढले तसे ते परंपरावादी बाजूकडे सरकले आणि जोग्यासारखे राहू लागले. शास्त्रार्थात मुरलेल्या ह्या माणसाला बाह्य अधिकार, परंपरा, प्रमाण ह्यांची किंमत वाटावी ह्यात नवल नाही. वेदप्रामाण्याच्या जागी त्यांनी चर्चचे प्रामाण्य ठेवले. रमाबाईंच्या शंकांना त्यांनी पत्रांतून दिलेली उत्तरे आणि त्यांचा साधा, नम्र स्वभाव ह्यांचा आपल्यावर फार परिणाम झाला, असे रमाबाईंनी पुढे सांगितले आहे.

सन १८८३ च्या एप्रिलमध्ये रमाबाई, मनोरमा आणि मैत्रीण आनंदीबाई भगत निघाल्या. वाँटेजला पोहोचून थोडेच महिने झाले तोच आनंदीबाईंनी आत्महत्या केली. परक्या मुलखात, आपल्या भाषेचे एकुलते एक सोबतीचे माणूस अशा रीतीने जावे ह्याचा आघात केवढा असेल, ह्याची कल्पनाच करावी. त्यानंतर २९ सप्टेंबर १८८३ रोजी वाँटेजच्या चर्चमध्ये रमाबाईंनी मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला. त्यांचे नाव मेरी रमा ठेवण्यात आले. वैद्यकीचा बेत मात्र ऐकू कमी येत गेल्यामुळे राहिलाच. पुढच्या वर्षी त्या चेल्टनहॅमच्या मुलींच्या कॉलेजात शिकायला गेल्या, आणि तेथे संस्कृतही शिकवू लागल्या.

येथून वादाला आरंभ झाला. प्रथम वाद लहानसहान गोष्टींचे होते. रमाबाई मांस-मासळी खात नसत, अंडे घातलेले पक्वान्नही चालत नसे. आजीबाईंना त्यात जातीचा अभिमान शिल्लक राहिल्याचा वास आला. रमाबाईंचे म्हणणे, जे मी लहानपणापासून खाल्ले नाही ते ख्रिस्ती झाल्याने खाल्लेच पाहिजे असे कोठे आहे? क्रुसावर कोरायची अक्षरे लॅटिन असावीत की संस्कृत, ह्यावरही मतभेद झाला. लॅटिनपेक्षा आमची संस्कृत कोणत्या बाबतीत कमी पवित्र, असा रमाबाईंचा रोख होता. आजीबाईंच्या दृष्टीने लॅटिन ही सबंध पश्चिमेच्या चर्चची समाईक खूण. रमाबाईंच्या दृष्टीने ती एका परक्या देशाची भाषा. दोघींचेही म्हणणे आपापल्या जागी खरेच होते.

मग १८८५ मध्ये शिकवण्याचा प्रश्न निघाला. रमाबाईंनी पुरुष विद्यार्थ्यांनाही संस्कृत शिकवावे असे घाटत होते. हिंदुस्थानात राहिलेल्या बिशपांचे मत पडले की असे केल्यास स्वदेशी त्यांच्या नावाला बट्टा लागेल, म्हणून त्यांनी तसे करू नये. ज्या बाईने कलकत्त्याच्या पंडितसभेत पुरुषांसमोर उभे राहून ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ ह्या पदव्या मिळवल्या, गावोगाव हजारोंसमोर पुराणे सांगितली, तिला हे ऐकून काय वाटले असेल! माझ्या देशाच्या रीतिभाती मला इंग्रज बिशपांनी शिकवाव्यात काय, अशा आशयाचे त्यांचे उत्तर होते. शिवाय, मला न विचारता माझ्याविषयी ठरवले गेले, ही त्यांची मुख्य तक्रार होती.

परंतु खरा कळीचा प्रश्न श्रद्धेचा होता. अँग्लिकन प्रार्थनाग्रंथात बाप्तिस्म्याच्या वेळी जे सूत्र म्हणवून घेतात ते छोटे आणि सोपे आहे. त्याच ग्रंथात अथनेशियस संताच्या नावाने चालणारे दुसरे एक लांबलचक सूत्र आहे. पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा हे तिघे मिळून एकच देव कसा, ह्याची त्यात बारकाईने मांडणी आहे, आणि हे जो मानणार नाही त्याचे तारण नाही असेही बजावले आहे. वर्षातून तेरा दिवस ते म्हणण्याची आज्ञा आहे. रमाबाईंना हे पटेना. अनेक देवांची उपासना सोडून एका देवाकडे येण्यासाठी त्यांनी सर्वस्व पणाला लावले होते, आणि आता पुन्हा तीनची भाषा? येशूच्या जन्माविषयीच्या चमत्काराबद्दलही त्यांना शंका होत्या. त्या शंका लपवाव्यात हे त्यांच्या स्वभावात नव्हते. त्याच सुमारास डिसेंटर आणि इतर पंथांच्या लोकांशीही त्यांचे बोलणे होत होते. मी ख्रिस्ताच्या चर्चची सभासद आहे, म्हणून एका पंथाच्या धर्मगुरूंच्या तोंडून निघालेला प्रत्येक शब्द मी मानलाच पाहिजे असे नाही, ही त्यांची भूमिका दृढ होत गेली.

आजीबाईंची बाजू येथे नीट मांडली पाहिजे. त्या म्हणत होत्या ते थोडक्यात असे. चर्च ही आपण निवडलेली संस्था नव्हे, ते ज्यात आपण जन्म घेतो असे कुटुंब आहे. बाप्तिस्मा म्हणजे त्या कुटुंबातला जन्म. मूल आधी आईवर विश्वास ठेवते आणि मग मोठे होता होता समजून घेते. आधी सगळे पटवून द्या, मग मी आई म्हणेन, असे मूल म्हणत नाही. शेकडो वर्षे हजारो संतांनी, विद्वानांनी विचार करून जे ठरवले ते दोन वर्षांपूर्वी आलेल्या एका व्यक्तीने स्वतःच्या बुद्धीने तपासून घ्यावे ह्यात नम्रता नाही. आणि प्रत्येकाने आपापल्या बुद्धीने आपला धर्म ठरवायचा म्हटले तर पंथ किती होतील? डिसेंटरांचे काय झाले ते डोळ्यांसमोर आहेच. एक फुटला, मग त्यातून दुसरा फुटला, आणि फुटण्याला अंत राहिला नाही. फूट पाडणे हे जुन्या अँग्लिकनाच्या मते नुसती चूक नव्हे, ते पाप आहे, कारण ख्रिस्ताने आपल्या शिष्यांनी एक असावे म्हणून प्रार्थना केली होती.

ह्या म्हणण्यात तथ्य नाही असे कोण म्हणेल? ज्यांनी संस्था चालवल्या आहेत त्यांना तर ते चटकन पटेल. नियम, परंपरा, वडिलधाऱ्यांचा शब्द ह्यांवाचून चार माणसे एकत्र राहत नाहीत. मराठी ख्रिस्ती लोक चर्चला ‘मंडळी’ म्हणतात, हा शब्द ह्या दृष्टीने मोठा बोलका आहे. मंडळी म्हटली की एकट्याचे मत तेवढेच मोठे राहत नाही.

पण रमाबाईंचे उत्तरही तितकेच भक्कम होते. एका पुरोहितवर्गाचे जोखड मी मोठ्या कष्टाने मानेवरून उतरवले आहे, ते दुसऱ्या पुरोहितवर्गाचे घेण्यासाठी नव्हे. मला देवाने बुद्धी दिली आहे, बरेवाईट ओळखणारे मन दिले आहे, ते वापरणे हाच माझा धर्म आहे. देवाची आज्ञा मी मानीन, पण धर्मगुरूची इच्छा म्हणजे देवाची आज्ञा असे मी मानणार नाही. आणि फुटीचे म्हणाल तर ती काही मी पाडलेली नाही. तुम्हीच आमच्या देशात निरनिराळे पंथ घेऊन आलात. हा शेवटचा मुद्दा आपल्याकडे तर उघडच दिसत होता. मुंबई इलाख्यात अमेरिकन मराठी मिशन काँग्रिगेशनल पंथाचे, डॉ. जॉन विल्सन यांचे मिशन स्कॉटलंडच्या प्रेस्बिटेरियनांचे, वसईकडे रोमन कॅथलिक, आणि अँग्लिकन पुन्हा वेगळे. इंग्लंडातल्या १६६२ च्या भांडणाशी अहमदनगरच्या शेतकऱ्याचा काय संबंध? तरी त्याच्या गावच्या चर्चवर त्या भांडणाचीच पाटी होती. रोमला गेलेले अँग्लिकन, अँग्लिकनांतून निघालेले मेथडिस्ट, आणि त्या सगळ्यांना न मानणारे युनिटेरियन हे सारे पाहून आपण गोंधळून गेलो होतो, असे रमाबाईंनी पुढे आपल्या आत्मकथनातही लिहून ठेवले.

ह्या वादात आणखी एक अँग्लिकन बाई होत्या. चेल्टनहॅम कॉलेजच्या मुख्याध्यापिका डोरोथिया बील. त्याही निष्ठावान चर्चच्याच, पण त्यांची रीत वेगळी होती. रमाबाईंना आज्ञा करून चालणार नाही, त्यांच्या शंकांना शंका म्हणूनच उत्तर दिले पाहिजे, हे त्या जन्मजात शिक्षिकेने ओळखले. त्यांनी रमाबाईंशी पत्रांतून तत्त्वज्ञानाच्या पातळीवर चर्चा केली आणि वाँटेजकरांनाही थोडे धीराने घेण्यास सुचवले. चर्च एकच, श्रद्धा एकच, तरी दोन स्त्रियांच्या वागण्यात केवढा फरक! मतभेद कशाविषयी आहे ह्यापेक्षा तो कसा हाताळला जातो ह्यावर पुष्कळ अवलंबून असते, हे येथे दिसते.

सन १८८६ मध्ये डॉ. आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठी रमाबाई फिलाडेल्फियाला गेल्या, आणि अमेरिकेत त्यांना वेगळेच वातावरण मिळाले. तेथे राज्याचा असा एक पंथ नव्हता. बोस्टन येथे १८८७ मध्ये स्थापन झालेल्या रमाबाई असोसिएशनचे अध्यक्ष एडवर्ड एव्हरेट हेल युनिटेरियन, उपाध्यक्षांपैकी फिलिप्स ब्रूक्स अँग्लिकनांच्या अमेरिकन शाखेचे, आणि फ्रान्सिस विलर्ड मेथडिस्ट. प्रभुभोजनाला जे एका मेजाशी बसले नसते ते हिंदुस्थानातील विधवांसाठी एका मेजाशी बसले. आजीबाईंना मात्र ह्यात धोका दिसला. सगळ्यांचे असलेले घर शेवटी कोणाचेच राहत नाही, ही त्यांची भीती होती.

ती भीती अगदीच पोकळ नव्हती, पण तिची गंमत अशी की रमाबाई दोन्ही बाजूंनी पेचात सापडल्या. मुंबईत ११ मार्च १८८९ रोजी शारदासदन उघडले ते कोणावर धर्माची सक्ती नाही ह्या अटीवर. ते लवकरच पुण्यास आले. सन १८९३ मध्ये मुली रमाबाईंच्या प्रार्थनेला बसतात ह्यावरून ओरड झाली, आणि रानडे, भांडारकर यांच्यासारखे सल्लागार बाजूला झाले. पुण्याच्या दृष्टीने सदन फार ख्रिस्ती ठरले. जुन्या अँग्लिकनांच्या दृष्टीने ते पुरेसे ख्रिस्ती नव्हते, कारण ते कोणत्याच चर्चच्या छत्राखाली नव्हते. पुढे केडगावचे मुक्तिसदनही रमाबाईंनी कोणा एका पंथाला बांधले नाही. दुष्काळातून आणलेल्या शेकडो मुलींना जेवण, अक्षर, हाताला काम आणि बायबल देताना त्यांना पंथाचे नाव लावण्याची गरज भासली नाही. त्यांच्या स्वतःच्या शंका एव्हाना मिटल्या होत्या. येशूच्या देवत्वावर त्यांची श्रद्धा पुढे दृढ झाली, पण ती आज्ञेने नव्हे, आपल्या वाटेने चालत चालत. म्हणजे आजीबाईंना जे हवे होते त्यातले पुष्कळसे झाले, फक्त त्यांच्या दारातून झाले नाही.

आणि मनोरमा? दोघींच्या वादातली सर्वांत नाजूक जागा तीच होती. रमाबाई अमेरिकेत असताना मनोरमेला काही काळ वाँटेजच्या सिस्टरांपाशी ठेवले होते. ज्यांच्याशी सूत्रांवरून इतकी कडाक्याची भांडणे होत होती, त्यांच्याच हाती आपले एकुलते एक मूल द्यायला ही आई कचरली नाही. तिला काय शिकवावे, काय शिकवू नये ह्यावरून वाद झाले. तिच्यावरच्या मायेबद्दल मात्र शंका कधी निघाली नाही. पुढे मनोरमेने अमेरिकेत दुसऱ्या पंथाच्या शाळेत शिक्षण घेतले आणि आईच्या कामाला खांदा दिला. ती १९२१ मध्ये गेली, आणि रमाबाई ५ एप्रिल १९२२ रोजी. मूळ हिब्रू आणि ग्रीक भाषांतून सबंध बायबलचे सोप्या मराठीत भाषांतर करण्याचे काम त्या अखेरपर्यंत करीत होत्या.

आता पंथांच्या त्या भांडणाचे पुढे काय झाले तेही सांगितले पाहिजे. सन १८८८ मध्ये जगभरच्या अँग्लिकन बिशपांनी लंडनमध्ये लँबेथ येथे जमून ठरवले की इतर पंथांशी ऐक्य करायचे तर चार गोष्टी हव्यात: बायबल, जुनी सूत्रे, बाप्तिस्मा व प्रभुभोजन हे दोन विधी, आणि बिशपांची परंपरा. पहिल्या तीन गोष्टींवर फारसे अडत नव्हते. गाडी अडायची ती चौथीवर. दक्षिण हिंदुस्थानात १९१९ मध्ये तरंगंबाडी येथे सुरू झालेल्या बोलण्यांतून २७ सप्टेंबर १९४७ रोजी मद्रासला चर्च ऑफ साउथ इंडिया स्थापन झाले. त्यात अँग्लिकन, मेथडिस्ट, प्रेस्बिटेरियन आणि काँग्रिगेशनल एक झाले. इंग्लंडातल्या परंपरावाद्यांनी ह्या योजनेला कडाडून विरोध केला होता. प्रसिद्ध कवी टी. एस. एलियट यांनी तर १९४३ मध्ये तिच्याविरुद्ध पुस्तिकाच लिहिली. बिशपांच्या हातून दीक्षा न मिळालेले धर्मगुरू तसेच आत घेतले तर परंपरेचा धागा तुटेल, हा त्यांचा आक्षेप. आजीबाई हयात असत्या तर त्यांनीही बहुधा तेच म्हटले असते.

आपल्या उत्तरेकडच्या भागात ही गोष्ट २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूरला घडली. तेथील ऑल सेंट्स कॅथीड्रलमध्ये सहा मंडळ्या एक होऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झाले. प्रेस्बिटेरियन आणि काँग्रिगेशनल लोक आधीच एकत्र आलेले होते, ते त्यात आले, आणि अँग्लिकन, बाप्टिस्ट, ब्रदरन, डिसायपल्स हेही आले. ब्रिटिश परंपरेचे मेथडिस्ट आले, पण अमेरिकन परंपरेचे मेथडिस्ट ऐनवेळी मागे राहिले. ह्या वेळी तडजोड जरा विचाराने केली होती. बिशप ठेवले. तान्ह्या मुलाचा बाप्तिस्मा आणि जाणत्या वयातला बाप्तिस्मा हे दोन्ही मान्य केले. धर्मगुरूंच्या मस्तकावर प्रार्थनेने हात ठेवून सर्वांची सेवा एक करण्यात आली, पण तुमची आधीची दीक्षा खोटी होती असे कोणाकडूनही वदवून घेतले नाही. कोणाचाही अपमान न करता परंपरेचा धागा राखला गेला. पुण्याचे पंचहौदचे चर्च आणि अमेरिकन मराठी मिशनच्या जुन्या मंडळ्या आज ह्याच एका चर्चमध्ये आहेत. सगळे पंथ मिटले असे नाही, रोमन कॅथलिक आणि इतर पुष्कळ वेगळेच आहेत. पण १६६२ च्या भांडणाची निदान ती पाटी उतरली.

शेवटी पुन्हा आजीबाईंकडे येऊ. रमाबाई आपल्या चर्चमधून निघून गेल्या ह्याचे त्यांना जन्मभर वाईट वाटले. पण त्यांनी रमाबाईंचे एकेक पत्र जपून ठेवले, आपलीही उत्तरे ठेवली, ज्यांत रमाबाईंनी त्यांना खडे बोल सुनावले होते तीही पत्रे फाडली नाहीत. उतारवयात त्यांनी ती सारी क्रमवार लावली आणि त्यांवर टिपणे लिहिली. तो संग्रह १९७७ मध्ये अ. भि. शहा यांच्या संपादनाखाली महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने प्रसिद्ध केला. रमाबाईंच्या मनाचा हा काळ आज आपल्याला इतका स्पष्ट दिसतो, तो ज्यांच्याशी त्या भांडल्या त्यांच्यामुळेच. हरलेल्या बाजूने जिंकणाऱ्याचा पुरावा असा सांभाळून ठेवल्याची उदाहरणे फार नाहीत.

आणि त्या चर्चने काय केले? इंग्लंडच्या चर्चच्या दिनदर्शिकेत आज ३० एप्रिल हा दिवस पंडिता मेरी रमाबाई, बायबलच्या भाषांतरकार, यांच्या स्मरणाचा म्हणून नोंदलेला आहे. ज्या सूत्रावरून भांडण झाले ते सूत्रही प्रार्थनाग्रंथात आहे, आणि ते मुकाट्याने मानण्यास जिने नकार दिला तिचे नावही त्याच चर्चच्या दिनदर्शिकेत आहे. वाँटेजच्या बाप्तिस्म्यातले ‘मेरी’ हे नाव त्यांनी तेवढे सोडलेले नाही.

भगिनींनो, आपल्या मंडळातही मतभेद होतात आणि पुढेही होतील. कोणी जुन्या रीतीचा धागा धरील, कोणी आपल्या मनाचा कौल. दोन्हींची गरज असते. वाद झाला म्हणून रमाबाईंनी आजीबाईंना ‘आजीबाई’ म्हणायचे सोडले नाही, आणि आजीबाईंनी पत्रे फेकून दिली नाहीत. वर्धापनदिनाच्या ह्या प्रसंगी एवढे ध्यानात ठेवले तरी पुरे.